बहात्तर ओपनर

राइनहोल्ट श्लोटरबेकने स्वतः घडवलेल्या ओपनरने पहिली बाटली उघडली, तेव्हा झाकणाबरोबर बाटलीची मानही हातात आली. बिअर विजारीवर सांडली, काच गवतात पडली. कुंपणावर कोपरं टेकून बघत उभा असलेला शेजारी कुर्ट म्हणाला, "उघडली तर खरी."

हे सोमवारी झालं, आणि शनिवारी राइनहोल्टच्या मुलीचं, युडिटचं लग्न होतं. पाहुणे बहात्तर. प्रत्येकाच्या ताटाशेजारी बापाने स्वहस्ते घडवलेला एकेक ओपनर ठेवायचा, असं राइनहोल्टने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

राइनहोल्ट चौतीस वर्षं नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात होता. आमच्या ओबरहाल्डे गावातल्या निम्म्या गॅरेजांना आणि यच्चयावत छपरांना त्याने एकदा तरी नकार दिला होता. तो निवृत्त झाला तेव्हा बायकोने, रोझविताने, त्याला लोहारकामाचा तीन दिवसांचा वर्ग भेट दिला. तीन दिवस घर मोकळं मिळेल एवढाच तिचा हेतू. मागोमाग ऐरण घरी येईल, हे त्या माउलीच्या ध्यानीमनी नव्हतं.

परसातल्या खोपटात भट्टी बसली. राइनहोल्टने कोटाची खुंटी करायला घेतली, मेणबत्तीचं झाड करायला घेतलं, शेकोटीची सळई करायला घेतली. पण लोखंड अर्ध्यावर त्याचं ऐकेनासं व्हायचं आणि शेवटी ओपनर तयार व्हायचा. "ओपनरच करायचा होता," असं तो म्हणे. दंतवैद्याकडे त्याचे दोन ओपनर आहेत, पोस्टातल्या बाईंकडे दोन, पाद्र्याकडे तीन. वापरत कुणीच नाही. आमच्याकडे बाटली उघडतात ती लायटरच्या बुडाने, सुताराच्या घडीच्या पट्टीने, चमच्याने, नाहीतर दुसऱ्या बाटलीने. जो ओपनर मागतो तो परगावचा, हे लहान पोरसुद्धा सांगेल.

पण या खेपेस प्रश्न पाहुण्यांचा नव्हताच. प्रश्न व्याह्यांचा होता. मुलीचा सासरा वेंडेलीन राप हा चौथ्या पिढीचा लोहार. चर्चच्या फाटकापासून कारंज्याच्या कठड्यापर्यंत गावातलं सगळं लोखंड त्याच्या घराण्याच्या हातचं. आमच्या श्वाबेनमध्ये, जर्मनीच्या या दक्षिणेकडच्या मुलखात, म्हणतात, ओरडला नाही म्हणजे कौतुक झालंच. राप त्या म्हणीचा सख्खा भाऊ. चाळीस वर्षांत त्याने बायकोच्या हातच्या जेवणाला बरं म्हटलेलं नाही, ताट तेवढं पुन्हा पुढे करतो.

"बाबा, ते गप्प बसले तर तुम्ही जिंकलात," युडिटने आधीच समजावलं होतं. "फक्त 'छान' म्हणाले तर संपलं. पाद्रीबाबांनी लाकडात कोरलेला देवदूत दाखवला होता. मामंजी 'छान' म्हणाले आणि निघून गेले. पाद्रीबाबांनी त्या दिवसापासून पटाशी हातात धरलेली नाही."

त्यात एक जुनं दुखणं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी रापने कोळशाच्या शेडसाठी अर्ज केला होता. छप्पर अकरा सेंटीमीटर जास्त पुढे येत होतं. राइनहोल्टने सात त्रुटी काढल्या आणि खाली आपलं लाडकं वाक्य लिहिलं, 'अर्ज नामंजूर. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा.' राप एक शब्द बोलला नाही. त्याने छप्पर कापलं, आणि तेव्हापासून रस्त्यात भेटला की नुसती टोपी हलवायचा. मग दोघांच्या पोरांनी परस्पर प्रेमात पडून मोठ्यांची पंचाईत केली.

तर, बाटलीची मान तुटली आणि राइनहोल्टमधला अधिकारी जागा झाला. ओपनरचा दात जास्त लांब होता, तो झाकणाऐवजी काचेत शिरत होता. त्याने दात ठोकून आखूड केला आणि ठरवलं, तपासणी झाल्याशिवाय एकही नग बाहेर जाणार नाही. प्रत्येक ओपनरवर क्रमांक ठोकायचा, प्रत्येक नगाने एक खरी बाटली उघडायची, आणि निकाल वहीत लिहायचा.

बाटल्या शोधायला लांब जावं लागलं नाही. लग्नाच्या बिअरचे आठ क्रेट त्याच्याच तळघरात गार होत पडले होते.

"त्यातल्या चारपाच घेतो," तो रोझविताला म्हणाला.

"आणि उघडलेल्या बिअरचं काय करणार?"

हा प्रश्न बिनतोड होता. ओतून टाकणं हे आमच्याकडे पाप आहे, आणि त्याला पाद्रीसुद्धा क्षमा करत नाही. राइनहोल्टने कुंपणाकडे पाहिलं. कुर्ट तिथेच उभा होता.

"माझी काही हरकत नाही," कुर्ट म्हणाला.

सोमवारी सहा नग झाले आणि कुर्टने सहा निकाल पोटात घातले. मंगळवारी तो मेहुण्याला घेऊन आला, कारण एकट्यावर एवढी जबाबदारी बरी नव्हे. बुधवारी कुणीतरी अग्निशमन दलाच्या खोलीतून बाक उचलून आणला. गुरुवारी खोपटासमोर आठ जण हारीने बसले होते आणि कुर्टची बायको कुंपणापलीकडून विचारत होती, "या आठवड्यात जिना झाडायची पाळी कुणाची आहे, ते आठवतंय का कुणाला?" कुर्टला आठवत होतं, पण तो तपासणीत होता.

अडचण अशी की ओपनर तापवून, ठोकून, निववून हातात यायला अर्धा तास लागायचा आणि बाकावरच्या मंडळींना अर्धा तास धीर धरवायचा नाही. राइनहोल्ट घाम पुसत नवा ओपनर घेऊन बाहेर यायचा, तर बाटली आधीच उघडलेली.

"अरे, ही कुणी उघडली?"

"मी," कुर्ट लायटर दाखवायचा. "तुझा तो अजून लाल होता ना."

"मग तपासणी कशावर करू?"

"दुसरी आण की."

दुसरी आणावी लागायची. काही ओपनर तपासणीत नापास व्हायचे, ते पुन्हा भट्टीत जायचे, आणि फेरतपासणीला आणखी एक बाटली लागायची. वहीतले आकडे चोख होते. फक्त वही ओपनरांची होती, बाटल्यांची नव्हती.

शुक्रवारी दुपारी बहात्तरावा ओपनर पास झाला. आठही जणांनी टाळ्या वाजवल्या, त्यातला एक बाकावरून खाली पडला. रोझविता तळघरात उतरली आणि वर आली ती एक रिकामा क्रेट हातात धरून.

"राइनहोल्ट, आठ क्रेट होते."

"हो."

"आठही असेच आहेत."

राइनहोल्टने वही उघडली, मिटली, आणि बाकाकडे वळून पाहिलं. बाक रिकामा होता. एवढ्या चपळाईने ती मंडळी आठवडाभरात हलली नव्हती.

रोझविताने फोन उचलला. उकाडा होता, शेजारच्या गावात बँडवाल्यांचा उत्सव होता, तीन दुकानदारांकडे काही शिल्लक नव्हतं. चौथ्याने कबूल केलं. शनिवारी सकाळी सभागृहाच्या दारात आठ क्रेट उतरले. राइनहोल्टने सुटकेचा श्वास सोडून एक बाटली वर काढली आणि तिथेच पायरीवर बसला.

बाटलीला पत्र्याचं झाकण नव्हतं. चिनी मातीचं बूच होतं, तारेच्या खिट्टीने बसवलेलं. अंगठ्याने ढकललं की 'टप्' करून उघडतं, ते.

"याला ओपनर लागत नाही," तो म्हणाला.

"आत बिअर आहे," रोझविता म्हणाली. "तू आता एक शब्द बोलू नकोस."

जेवणाच्या वेळी सभागृहभर टप् टप् आवाज चालला होता. प्रत्येक ताटाशेजारी एक काळा, जड ओपनर आपल्या क्रमांकासह स्वस्थ पडलेला. कुणी त्याने रुमाल दाबून ठेवला, कुणी पाठ खाजवून पाहिली. पाद्र्याने चौथा ओपनर शांतपणे खिशात टाकला. राइनहोल्ट बटाट्याचं सॅलड काट्याने नुसतं इकडून तिकडे सारत होता. समोर वेंडेलीन राप बसला होता आणि ओपनर उचलून पाहत होता. एक डोळा मिटून पाहिलं, अंगठा फिरवला, टेबलाच्या कडेवर ठोकून कानाशी धरला. मग खाली ठेवला आणि जेवू लागला.

"काही बोलले नाहीत," राइनहोल्ट बायकोच्या कानात म्हणाला.

"मग झालं तर. जेव आता."

राइनहोल्टला एकदम भूक लागली. त्याने सॅलड संपवून आणखी वाढून घेतलं.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून राइनहोल्टच्या सासूबाईंचा आवाज आला. त्या शहाऐंशी वर्षांच्या. बिअर घेत नाहीत, माल्टचं गोड पेय घेतात, आणि स्वतःची बाटली पिशवीतून घेऊन येतात. त्या बाटलीला पत्र्याचं झाकण होतं. अख्ख्या सभागृहात तेवढं एकच.

"मला हे कुणी उघडून देईल का?"

राइनहोल्ट उठेपर्यंत त्यांच्या शेजारी बसलेल्या कुर्टचा हात सवयीने बाटलीकडे गेला होता, लायटरसकट. रापने टेबलावरून वाकून त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला.

त्याने आपल्या ताटाशेजारचा ओपनर उचलला. राइनहोल्टला फक्त बाटलीची मान दिसत होती, आणि सासूबाईंचा रेशमी झगा.

"कुणी का उघडेना," सासूबाई म्हणाल्या, "मला तहान लागलीय."

टक्. झाकण निघालं, मान जागेवर राहिली. सासूबाईंनी बाटली ओढून घेतली. रापने ओपनरकडे बघितलंच नाही, तो झाकण निरखत होता. त्यावरची घडी, त्यावरचा ओरखडा. मग त्याने तोंड उघडलं, आणि राइनहोल्टला वाटलं, आता 'छान' येणार.

"दात दोन मिलिमीटर जास्त लांब आहे," राप म्हणाला. "झाकण दुमडतंय. झाकण धरायचा डोळा गोल नाही, कोंबडीच्या अंड्यासारखा झालाय. मुठीला दिलेला पीळ अर्ध्यात दमलाय, कारण तुम्ही लोखंड थंड झाल्यावरही पिळत बसलात. धीर नाही. कड घासलेली नाही, बोट कापेल. वरून लावलेलं मेण जळलंय. टोकाला वाकवताना चीर पडलीय, ती तुम्ही काळ्या रंगात लपवलीत, ते मला दिसलं." त्याने ओपनर उलटा केला. "आणि सातवं. क्रमांक वाकडा ठोकलाय."

एकोणीस वर्षांत मिळून तो राइनहोल्टशी एवढा बोलला नव्हता. राइनहोल्ट लाल झाला, मग पांढरा. भर मांडवात मुलीच्या बापाचे वाभाडे निघत होते, आणि सगळं खरं होतं.

"म्हणजे?" त्याने कसंबसं विचारलं.

राप उठून उभा राहिला आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "अर्ज नामंजूर. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा."

हसावं की नाही, हे सभागृहात कुणाला ठरवता येईना.

"ते अकरा सेंटीमीटर," राइनहोल्ट हळूच म्हणाला, "मला तेव्हा सोडून देता आले असते."

"साडेदहा," राप म्हणाला. "सोमवारी सकाळी सातला माझ्या भट्टीवर या. कातडी ॲप्रन आणा. तुमची ऐरण घरीच राहू दे, तिचाही आवाज बरा नसणार."

मग तो बसला आणि बायकोपुढे ताट केलं. विहीणबाईंनी ताट भरता भरता रोझविताला सांगितलं, "सात चुका काढल्या. स्वतःच्या मुलाच्या कामातसुद्धा पाचच्या वर काढत नाहीत हो. तुमचे यजमान भारीच आवडलेले दिसतात."

राइनहोल्ट चष्मा पुसत होता. चौतीस वर्षं त्याने शेकडो लोकांना ते वाक्य लिहून दिलं होतं. ते मिळाल्यावर इतकं बरं वाटतं, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

कुर्टने लायटर खिशात टाकला आणि बराच विचार करून विचारलं, "म्हणजे बहात्तरच्या बहात्तर पुन्हा तपासावे लागतील?"

रोझविताने पर्स उघडून तळघराची किल्ली आत आहे ना, ते पाहिलं.