परचुरे-सानांचा एकच प्रश्न

परचुरे-सानांना कोणाचीही ओळख करून दिली, की नमस्काराच्या आधी ते विचारायचे, "मधे कोण आहे?"

माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हाही तेच. "लग्न ठरलं तेव्हा मधे कोण होतं?" मामेबहीण होती म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. "एकच ना? मग ठीक. मधली माणसं वाढली की निरोप बदलतो."

इंटरनेटवर खरेदी करायला लोक बिचकायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी जपानला आले, पुण्यात शिकलेली जपानी कामी आली आणि कावासाकीतल्या, इंटरनेटवरचे पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका छोट्या भारतीय कंपनीत मी दुभाषी म्हणून लागले. परचुरे तिथले सुरक्षेचे प्रमुख. मूळचे सांगलीचे, पन्नाशी ओलांडलेले, एकटे. जपानी मंडळींच्या तोंडी ते 'पारुचुरे-सान', म्हणजे परचुरेसाहेब, झाले होते. त्यांचं काम एवढंच, की ग्राहकाने पडद्यावर कार्डाचा नंबर टाकला की तो वाटेत कोणाच्या हाती लागता कामा नये.

पण परचुऱ्यांना हे काम ऑफिसात ठेवून घरी जाता येत नसे. कोणी कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, त्यांच्यासाठी ओनिगिरी, भाताचा भरलेला गोळा, आणला, की चौकशी सुरू. "यात मासे नाहीत हे कोणी सांगितलं?"

"दुकानातल्या मुलीने."

"तिला कोणी सांगितलं?"

मग मासे-मटणाची जपानी अक्षरं उतरवलेली वही खिशातून काढायची आणि वेष्टनावरचं एकेक अक्षर वहीतल्या अक्षराशी ताडून बघायचं. तेवढ्यात आमचं जेवण होऊन चहा यायचा. आम्ही हसायचो. मीही हसायचे, त्या सकाळपर्यंत.

एक मोठं ऑनलाइन दुकान आणि एक कार्ड कंपनी यांच्याशी आमची भागीदारी ठरत होती. ती झाली नसती तर कावासाकीचं ऑफिस बंद आणि आम्ही सगळे घरी. करार टेबलावर, सहीऐवजी मारायचे शिक्के डबीतून बाहेर काढलेले. आमचे मॅनेजर कामत यांनी लिफ्टमध्येच बजावलं होतं, "परचुरे, आज फक्त मान हलवायची."

दुकानवाल्यांनी पडद्यावर खरेदीचं प्रात्यक्षिक दाखवलं. परचुऱ्यांनी हात वर केला. "खऱ्या कार्डाने करून बघू का?" आणि स्वतःचं कार्ड काढून त्यांनी चिनी मातीची एक किटली विकत घेतली. पडद्यावर आभार झळकले. टाळ्या झाल्या. कामतांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता तुमच्या कॉम्प्युटरमधली नोंदींची फाईल उघडाल?"

त्यांच्या इंजिनियरने उघडली. भिंतीवरच्या पडद्यावर परचुऱ्यांचा अख्खा नंबर, शेजारी नाव. कुलूप नाही की पडदा नाही.

"विचारा त्यांना," परचुरे मला म्हणाले, "मधे कोण आहे?"

मी विचारलं. दुकानाचे संचालक मोरिता-सान सत्तरीचे होते. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "मधे आम्ही आहोत. तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

जपानी बैठकीत हा प्रश्न आला की संपलंच समजायचं. कामत टेबलाखाली बघायला लागले. परचुरे मात्र उठून उभे राहिले.

"सांगा, पूर्ण विश्वास आहे. पण उद्या तुमच्या खुर्चीत कोण बसेल ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून नंबर दुकानात यायलाच नको, सरळ कार्ड कंपनीकडे जाऊ दे. मी केलेल्या रचनेत मलासुद्धा तो दिसत नाही. मोह मलाही होऊ शकतो ना."

मी शब्दन्‌शब्द सांगितला. मग परचुऱ्यांनी अदबीने कात्री मागितली. "आठ जणांनी पाहिला हा नंबर," म्हणत कार्डाचे दोन तुकडे केले आणि शांतपणे खाली बसले.

मोरिता-सानांनी ते दोन तुकडे जवळ ओढून घेतले. म्हणाले, "आज शिक्का नको." कामत शिक्का परत डबीत ठेवायला लागले. "तीन महिने द्या. पारुचुरे-सान सांगतात तसं बांधू, मग शिक्का." आणि तो सत्तरीचा माणूस उठून त्यांच्यापुढे कमरेत वाकला. इतकं खोल वाकलेलं मी जपानमध्ये फार कमी वेळा पाहिलंय.

तीन महिन्यांनी शिक्के उठले. ऑफिस वाचलं. त्यानंतर परचुऱ्यांच्या वहीला हसायची माझी छाती झाली नाही.

आम्ही दोघंही उरायासुला राहायचो. एका शनिवारी सकाळी मी त्यांना थालीपीठं द्यायला गेले. त्यांच्या दाराला कुलूप होतं, शेजारचं दार उघडं. आत ऐंशीच्या पुढच्या एक जपानी आजी चष्मा सावरत कॉम्प्युटरवर एकेक आकडा दाबत होत्या. आणि त्यांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून, परचुरे मांडी घालून बसले होते.

"तांदूळ मागवतायत," ते भिंतीलाच म्हणाले. "गुडघे गेलेत, दुकानातून ओझं आणवत नाही. आकडे नीट दिसत नाहीत म्हणून तासभर लागतो. दर शनिवारी असतो मी."

"पण नंबर सुरक्षित साठवून ठेवायची सोय तुम्हीच केलीत ना गेल्या महिन्यात? एकदा टाकला की झालं. आजींना सांगितली नाहीत?"

"पहिल्याच दिवशी सांगितली, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत. त्या म्हणाल्या, मग तुम्ही कोणत्या निमित्ताने याल?"

मी थालीपीठांचा डबा खाली ठेवला.

"मलाही दुसरं निमित्त सुचेना," परचुरे म्हणाले.

आजींनी मान वर करून मला विचारलं, "काय म्हणतायत ते?"

"म्हणतात, सावकाश होऊ द्या," मी सांगितलं.

आजी हसल्या आणि त्यांनी पुढचा आकडा शोधायला घेतला.