रणदिवे काकूंचा रविवार

आमच्या शारजात त्या काळी रेल्वेचा रूळ औषधालासुद्धा नव्हता. वाळू होती, उंच उंच बिल्डिंगी होत्या, रोज सकाळी दुबईच्या दिशेने तोंड करून ठप्प उभ्या राहणाऱ्या हजारो गाड्या होत्या. पण फाटक नाही, सिग्नल नाही, शिट्टी नाही. आणि अशा गावात चौथ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या रणदिवे काकू रोज सकाळी सहा पन्नासला गाडी सोडायच्या.

म्हणजे आमची स्कूलबस. काकू बाल्कनीत यायच्या, घड्याळ बघायच्या आणि हिरवा नॅपकिन हलवायच्या. बसचा ड्रायव्हर पेशावरचा खान. पहिले दोन दिवस त्याला वाटलं, बाई बिचारी मदतीला बोलावतेय. पुढे त्याला इतकी सवय झाली की काकू दिसल्या नाहीत तर गिअरच टाकेना. "मॅडमने झंडी नहीं दिया," म्हणायचा. एकदा माझा धाकटा भाऊ रोहन डबा विसरला, तेव्हा काकूंनी दोरीवरचा लाल परकर ओढून दाखवला होता. बस थांबली. डबा आला. आई आठवडाभर त्या बिल्डिंगमध्ये मान खाली घालून फिरत होती.

काकू मनमाडच्या स्टेशनमास्तरांची मुलगी. जन्म रेल्वे क्वार्टरमधला, अभ्यास प्लॅटफॉर्मच्या बाकावर. लग्न झालं ते थेट विमानात बसून इकडे. काका दुबईच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. सकाळी सहाला निघायचे, त्या ट्रॅफिकमधून रात्री आठला उगवायचे. काकूंना ड्रायव्हिंग येत नव्हतं, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सकाळची बस सोडली की दिवसभराची लाइन मोकळी. संध्याकाळी आईने "काका आले का हो?" असं विचारलं की उत्तर यायचं, "दुबई-शारजा पॅसेंजर आज पन्नास मिनिटं लेट." त्यांच्याकडे कोणी चहाला बसायचं नाही. "पाणी भरून जा," म्हणायच्या. इंजिनासारखं. आणि घरात शिरताना दारातून विचारायच्या, "लाइन क्लिअर आहे ना?" बाबा बनियनवर असले तर आतून ओरडायचे, "दोन मिनिटं होम सिग्नलला थांबा वहिनी!"

पण हे सगळं वरवरचं. काकूंचा खरा देव्हारा होता तो त्यांच्या कपाटात. युरोपातल्या यच्चयावत रेल्वेगाड्यांचं एक जाडजूड, लाल पुठ्ठ्याचं टाइमटेबल. वरच्या मजल्यावरचा कोणी गोरा माणूस गाशा गुंडाळून गेला, तेव्हा त्याने जिन्यात ठेवलेल्या ढिगातून काकूंनी ते उचललं होतं. दुपारी जेवण झालं की चष्मा लावून बसायच्या. "आज मी व्हिएन्नाहून निघाले," असं मला शाळेतून आल्यावर सांगायच्या. "साल्झबर्गला अकरा मिनिटं होती. उतरून पाय मोकळे केले."

मी बारावी झाले, तो दोन हजार एकचा उन्हाळा. जुलैत मी पुण्याला कॉलेजला जाणार होते. रोहन पंधरा वर्षांचा, अखंड इंग्रजीत बोलणारा आणि माझ्याशी अखंड भांडणारा. पण मी जाणार म्हटल्यावर तो एकाएकी गप्प झाला आणि एके दिवशी म्हणाला, "लेट्स गो समव्हेअर. जस्ट अस." जर्मनीत आमचा मामा होता. त्याच्याकडे जायचं आणि तिथून पाच दिवस दोघांनीच रेल्वेने भटकायचं, असा बेत आम्ही बाबांपुढे मांडला.

बाबा म्हणाले, "खलास. विषय संपला."

विषय संपला नाही, कारण काकू दारात उभ्या होत्या. लाइन क्लिअर आहे का हे न विचारता आत आल्या. "भावोजी, मुलांना पाठवा. गाडी न् गाडी मी ठरवून देते. माझ्या शब्दावर पाठवा."

काकूंनी आजवर आमच्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नव्हती. बाबा विरघळले, पण अट घालून. "रोज संध्याकाळी सहाला फोन. आणि एक जरी गाडी चुकली, तरी तिथून तडक मामाकडे. पुढची ट्रिप कॅन्सल."

झालं! मामाने नवं टाइमटेबल पार्सलने पाठवलं आणि आमचं घर जंक्शन झालं. काकूंनी दोनशे पानी वही घातली. डावीकडे गाडी, उजवीकडे प्लॅटफॉर्म, खाली लाल शाईत सूचना. "येथे डाव्या बाजूला बसणे, तळे दिसते." "येथे झोपू नये." एका ठिकाणी गाडी बदलायला सहाच मिनिटं होती. त्याची तालीम काकूंनी आमच्याकडून जिन्यात करून घेतली. पाठीवर पाच-पाच किलो तांदूळ, चौथा मजला ते गच्ची, गच्ची ते चौथा मजला. वॉचमन कुट्टी घड्याळ धरून.

"काकू, देअर विल बी एस्कलेटर्स," रोहन धापा टाकत म्हणाला.

"आणि वीज गेली तर?"

"इन स्वित्झर्लंड?"

"वीज सांगून जाते का रे कुठे? चल, यल्ला, परत."

त्या पुस्तकात काही गाड्यांपुढे दोन हातोड्यांची फुली होती. मी विचारलं तर काकू खुलल्या. "कामगारांची गाडी गं. हातोडे म्हणजे कामाचा दिवस. सुट्टीच्या दिवशी ती धावत नाही. तिथेच तर अडाणी माणसं फसतात." मग वहीतला शुक्रवार दाखवला. शुक्रवारी आम्हाला त्यांनी ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात अख्खा दिवस बसवून ठेवलं होतं. "सुट्टीला हातोड्याची गाडी नको. डोंगर बघा, गाई बघा. शनिवारी पुढच्या गावी जा आणि रविवारी दहा बेचाळीसला निघा." बाबांनी वही तपासली, आईने तपासली, काकांनी तर ड्रॉइंग तपासावं तशी पट्टी लावून तपासली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाचक म्हणतील, एवढ्या शहाण्या माणसांच्या लक्षात कसं आलं नाही? तर तुम्ही आमच्यासारखे शारजात राहिला नाहीत म्हणून!

पहिले तीन दिवस सगळं घड्याळाच्या काट्यावर. सहा मिनिटांची गाडी आम्ही चार मिनिटांत गाठली, तांदळाच्या पुण्याईने. तळं डावीकडेच होतं. शुक्रवारी खेड्यातली सगळी दुकानं सताड उघडी, माणसं कामाला चाललेली. आम्ही दोघंच गाईंकडे बघत बसलो होतो आणि तरीही डोक्यात काही शिरलं नाही.

रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही त्या स्टेशनवर हजर. इवलंसं स्टेशन. एक प्लॅटफॉर्म, बंद खिडकी, कुंड्यांत लाल फुलं. दहा बेचाळीस झाले. अकरा झाले. गाडी नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. नाही म्हणायला सव्वाअकराला एक कुत्रं आलं, त्याच्यामागून एक म्हातारा आला. रोहनने त्याला वही दाखवली. म्हाताऱ्याने भिंतीवरच्या तक्त्यातल्या दोन हातोड्यांवर बोट ठेवलं, मग टेकडीवरच्या चर्चकडे बोट दाखवून म्हणाला, "झोनटाग! झोनटाग!"

रोहन मट्कन बाकावर बसला. "ओ माय गॉड. ताई, इट्स संडे."

"मग?"

"संडे इज अ हॉलिडे!"

अगं बाई! आमचा उभा जन्म शुक्रवारच्या सुट्टीत गेलेला. रविवार म्हणजे आमच्या लेखी गणिताची टेस्ट. मी पोट धरून हसले. हसता हसता मला बाबांची अट आठवली.

पुढची गाडी एक वाजता होती. तिने गेलो असतो तर मुक्कामाला संध्याकाळपर्यंत सहज पोचत होतो. पण गाडी चुकली ती चुकलीच. बाबांना सांगितलं तर उरलेली ट्रिप बुडाली. त्याचं मला वाईट वाटणारच होतं, पण डोळ्यांसमोर येत होत्या त्या काकू. माझ्या शब्दावर पाठवा, म्हणाल्या होत्या.

"वी आर नॉट टेलिंग," रोहन म्हणाला. "काकू विल डाय." एरवी काकूंच्या नकला करून घर डोक्यावर घेणारा मुलगा! काकूंनी दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही त्या बाकावर बसून संपवली. एकच्या गाडीत बसलो आणि संध्याकाळी सहाला मी फोनमध्ये ठणकावून सांगितलं, "बाबा, राइट टाइम पोचलो!"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बाबा म्हणाले, "बरं. काकूंना सांगतो." आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि उरलेली ट्रिप मजेत केली.

परत आलो तेव्हा एअरपोर्टवरून येताना बाबांनी सहज विचारलं, "रविवारची गाडी कशी होती रे?"

"फर्स्ट क्लास!" मी म्हणाले. "खिडकी मिळाली. अगदी वेळेवर सुटली."

बाबा आरशातून माझ्याकडे बघत राहिले. "अनू, ती गाडी रविवारी नसते. वहिनींना त्याच दिवशी कळलं."

झालं होतं असं. त्या रविवारी दुपारी एकला, म्हणजे तिकडच्या अकराला, काकूंना मनमाडहून भावाचा फोन आला. काकूंनी विचारलं, "आज घरी कसा रे? ऑफिस नाही?" भाऊ म्हणाला, "अगं ताई, रविवार आहे!" बस. काकूंनी तसाच फोन ठेवला, बाबांच्या ऑफिसला लावला आणि म्हणाल्या, "भावोजी, माझी चूक झाली. पोरं कुठेतरी अडकली असतील." संध्याकाळी येऊन आमच्या फोनशेजारी बसल्या. पाणी भरायलासुद्धा नाही म्हणाल्या. आठला, म्हणजे तिकडच्या सहाला, आमचा फोन आला. बाबांनी रिसीव्हर हाताने झाकून सांगितलं, "राइट टाइम पोचलो म्हणतेय." तशा काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "खोटं बोलतायत हो पोरं," म्हणाल्या. "माझ्यासाठी खोटं बोलतायत."

बाबांनी आपली अट त्याच क्षणी सोडून दिली असावी. आम्हाला मात्र मान वर करून बघवेना. गाडीतून उतरलो, तर चौथ्या मजल्यावरची बाल्कनी रिकामी होती. आईने सांगितलं, त्या दिवसापासून खानची बस बिनझेंड्याचीच जातेय.

आम्ही सामान टाकून समोर गेलो. काकूंनी दार उघडलं. लाल टाइमटेबल कपाटावर, अगदी वर, सुटकेसच्या खाली गेलं होतं.

"मनमाडच्या स्टेशनमास्तरची मुलगी मी," काकू म्हणाल्या. "आणि रविवार विसरले. वीस वर्षं शुक्रवार, शुक्रवार करत माझा रविवारच गेला गं. रविवारी स्टेशनवर अण्णांचा डबा घेऊन जायचे मी. दिवसभर बाकावर बसून असायचे. ते कसं विसरले?"

मला रडूच येत होतं. रोहन मात्र त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "काकू, आम्ही पण बाकावर बसलो. अडीच तास."

"अडीच तास?" काकूंनी डोळे पुसले. "नुसतं स्टेशनवर?"

"नुसतं स्टेशनवर."

"बाक लाकडी होतं का लोखंडी?"

"लाकडी. मध्ये लोखंडी हात."

"आमच्याकडेही तसंच! घंटा होती? मालगाडी गेली का एखादी? केवढी? डबे मोजलेस की नाही?"

"थर्टी-वन," रोहन म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. खरंच मोजले होते गधड्याने.

काकूंना तळं, डोंगर, राजवाडे, काही काही ऐकायचं नव्हतं. तासभर फक्त ते स्टेशन. शेवटी म्हणाल्या, "नशीबवान आहात. मला कोणी बसवलं असतं तर मी दुसरी गाडी आली तरी उठले नसते."

काका कधीचे दारात येऊन, हातात डबा धरून ऐकत उभे होते. तो माणूस वर्षातून चार वाक्यं बोलायचा. पण त्यांचं सुट्टीवर इंडियाला जायचं दरवर्षी ठरलेलं असे : विमानाने मुंबई, आणि विमानतळावरून भाड्याच्या गाडीने मनमाड. दोन दिवसांनी काका आमच्याकडे आले आणि बाबांसमोर कॅलेंडर धरून म्हणाले, "मेव्हण्याला सांगून रेल्वेची दोन तिकिटं काढलीयेत. हा रविवार आहे ना? मी तीनदा बघितलं. तुम्ही एकदा बघा."

ते निघाले त्या सकाळी मी आणि रोहन बाल्कनीत होतो. खाली टॅक्सीत सामान चढलं, काका बसले, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. काकू मात्र उघड्या दाराशी उभ्याच. चौथ्या मजल्याकडे मान वर करून बघत होत्या.

"व्हॉट इज शी वेटिंग फॉर?" रोहन म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं. आजवर आम्हा सगळ्यांना त्यांनी सोडलं होतं, त्यांना कोणी सोडलंच नव्हतं. तो आत धावला. हिरवं काही सापडेना, तर शाळेच्या ग्रीन हाउसचा टी-शर्ट घेऊन आला आणि कठड्यावरून अर्धा बाहेर लटकत दोन्ही हातांनी तो हलवायला लागला. मी मागून त्याची पँट धरून उभी.

काकूंनी घड्याळ बघितलं. "राइट टाइम!" असं एवढ्या मोठ्याने ओरडल्या की कुट्टी दचकून उठला. मग त्या टॅक्सीत बसल्या आणि त्यांची गाडी सुटली.