बार्लोसाहेबांची शेवटची काच

बैलगाडीतून पडलेल्या माणसाला उठवून, त्याची धूळ झटकून, "आता पुन्हा पड, जरा डाव्या अंगाला," असं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे बार्लोसाहेब. गाडीवान पुन्हा पडला. साहेबाला नाही कसं म्हणायचं?

कल्याणला रुळांची देखरेख ही साहेबांची नोकरी. जीव मात्र चित्रांत. माणसं उभी करून गोष्ट रचायची, तिची एकेक तसबीर काचेवर उतरवायची आणि दिव्यापुढे धरून पडद्यावर दाखवायची. गोष्ट त्यांची, पोशाख त्यांचे, आरडाओरडाही त्यांचाच. मी मालगुदामातला कारकून, काचा सरकवायला.

त्या वेळच्या गोष्टीत एक पोरगा आगगाडीने परमुलखात जातो. शेवटच्या चित्रात फलाटावर त्याची आई. हे काम ठाण्याच्या पास्कूबाईकडे होतं. खाडीची मासळी विकणारी किरिस्ताव बाई, साहेबाला भ्यायची नाही. चर्चमधली प्रार्थना आटोपून सात रविवार ती येऊन उभी राहिली आणि सातही वेळा साहेब म्हणाले, "नाही. पुन्हा."

"सायबा, पोराला एकदाचा जाऊ दे रे," ती म्हणाली. "नाय तं मीच जाते."

आठव्या रविवारी साहेबांना हवं ते मिळालं.

खेळ दुपारी मालगुदामात ठेवला, खिडक्यांना गोणपाट लावून. त्या सकाळी एका चित्रात माझ्या पगडीची सावली सापडली, म्हणून साहेबांनी हमालांदेखत मला गाढव म्हटलं होतं. काच दिव्यात उलटी घालावी लागते, तेव्हा पडद्यावर चित्र सुलटं दिसतं. शेवटची काच मी मुद्दाम सुलटी घातली.

पडद्यावर पास्कूबाई डोकं खाली, पाय वर. हमाल हसून लोळले. सगळ्यांत जास्त हसली ती पास्कूबाईच. म्हणाली, "सायबानं माजा वटवाघूळ केला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हात चुकला, मी म्हणालो. ते पडद्यापुढे गेले आणि चूक आपलीच झाली असं लोकांना सांगून त्यांनी स्वतः काच फिरवून लावली. तोवर लोक उठू लागले होते. साहेब पडद्याजवळ उभेच.

नंतर गोणपाट उतरवताना ते बोलू लागले. विलायत सोडली तेव्हा त्यांची आई धक्क्यावर आली होती. हे आपल्या पेट्या बोटीवर नीट चढतात का, ते बघण्यात गुंतलेले. वळून पाहिलं तेव्हा गर्दीत ती दिसेना. पुढे पत्र आलं ते ती गेल्याचंच. ती कशी उभी होती, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"अशीच उभी असेल ना?" त्यांनी विचारलं.

मी कल्याण कधी सोडलं नव्हतं. मला पोचवायला आई कधी कुठे आली होती? कबुली तोंडाशी आली होती. पण कबुलीने माझं मन हलकं झालं असतं, त्यांचं नाही.

"अगदी अशीच, साहेब."

त्यांनी ती काच रुमालात गुंडाळली. मी हात पुढे केला, पण माझ्याकडे दिली नाही.