दाजींचा गुडघा

रुचिराचा उजवा गुडघा दुखायला लागला तो नेमका जिल्हा निवड चाचणीच्या तोंडावर. वजन घेऊन खाली बसताना काही वाटत नसे. उठताना मात्र वाटीखाली माशाचा काटा शिरावा तशी कळ येई. सुरुवातीला तिने तिकडे लक्ष दिलं नाही. पण एके दिवशी दापोलीहून हर्णेला परतताना एसटीच्या पायऱ्या तिला दांडा धरून, एका अंगाने उतराव्या लागल्या. तेव्हा तिला कळलं, की ही गोष्ट आता दोन माणसांपासून लपवावी लागणार.

पहिलं माणूस आप्पा. हे निवृत्त शाळामास्तर दापोलीच्या व्यायामशाळेत वेटलिफ्टिंग शिकवीत. मुलींनी वजनं उचलावीत ही कल्पना त्या काळी, म्हणजे दोन हजार सालच्या आसपास, तालुक्यात नवीन होती आणि ती गंभीरपणे घेणारे आप्पा एकटेच होते. त्यांचा एक जुना शिष्य दुखणं लपवून उचलत राहिला आणि कायमचा लंगडा झाला. तेव्हापासून त्यांचा नियम होता : गुडघा दुखतो म्हणणाऱ्याने लोखंडाला शिवायचं नाही.

दुसरं माणूस रुचिराची आई सत्यवती. ती बंदरावर मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकायची. तिने पोरीला परवानगी दिली होती, पण अट घालून. "हातापायाला कायपन झालं, की त्या दिवसापासून ह्ये लोखंड बंद. लंगडी पोर कोणाच्या गळ्यात बांधू मी?"

म्हणून रुचिरा गुपचूप गोदाकडे गेली. गोदा म्हातारी मुरगळण्यावर आणि लचकण्यावर तेल द्यायची. बाटली भरता भरता तिने विचारलं, "कोणाला गो पायजे?"

"दाजींना," रुचिरा बोलून गेली. "गुडघा दुखतो त्यांचा."

दाजी म्हणजे तिचे वडील. सगळा गाव त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून पोरगीही दाजीच म्हणे. बोटीवर ते तांडेल होते, सुकाणू त्यांच्या हाती असे. वादळातही आवाज न चढवणारे म्हणून त्यांची ख्याती होती. रुचिराला वाटलं, एवढ्याशा खोट्याने त्यांचं काय बिघडणार आहे?

गोदाने तेल रुचिराला दिलं आणि बातमी गावाला. संध्याकाळी बंदरावर मासळीच्या लिलावात सुरमईचा भाव फुटण्याआधी दाजींचा गुडघा फुटला. सत्यवती बोली अर्धी टाकून, रिकामी पाटी काखेत मारून घरी आली. दाजी पडवीत जाळं सांधत बसले होते.

"गुडघा दुखतो तुमचा?"

दाजींनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात रुचिरा उभी होती. हातात तेलाची बाटली, सगळा भार डाव्या पायावर. दाजींनी बाटलीकडे पाहिलं, मग पोरीच्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

"दुखतो," ते म्हणाले.

"कधीपास्नं?"

"झाले दिवस."

"नि मला सांगाया तोंड नव्हतं?"

"तू इचारलंस कुठं?"

सत्यवती चुलीवर मिठाची पुरचुंडी तापवायला आत गेली, तशी रुचिरा बापाजवळ आली. "दाजी, मी गोदाकडं—"

"परसात जाऊन तेल चोळ. तिथं कोण नाय," दाजी हळूच म्हणाले. "चाचणी कधी हाय?"

"पुढल्या रविवारी."

"तवर दुखंल माझा," दाजी म्हणाले आणि सुतळीची गाठ आवळली.

दुसऱ्या दिवशी बोटीतला भागीदार दादू आला. तो मनाने सरळ माणूस. त्याने दाजींना बोटीवर यायला साफ मनाई केली. "हलत्या फळीवर गुडघा मोडला तर तू जाशील पाण्यात, नि तुला काढाया मला जायाला लागंल. मला पवता येतं, पण तुझ्याएवढं नाय. त्यापेक्षा घरी बस."

ऐन हंगामात दाजी घरी बसले. पडवीतून बोटी बाहेर पडताना दिसत. त्यांची स्वतःची बोटही दिसे. सुकाणूवर दादू, आणि तो ती जरा जास्तच दक्षिणेला घेतोय हेही दिसे. दाजी फक्त मान थोडी उत्तरेला वळवत. "मी सांगते आयेला," रुचिरा दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा दाजींनी नुसता हात हलवला.

गाव मात्र हलला होता. कोणी निर्गुडीचा पाला आणला, कोणी एरंडाची पानं. वातूळ म्हणून सत्यवतीने दाजींची कोळंबी बंद केली. दाजींना सर्वांत जड गेलं ते लंगडणं. त्यांना त्याची सवय नव्हती. एकदा पाणी प्यायला उठले आणि चुकून डावा पाय ओढत गेले.

"काल उजवा व्हता ना?" सत्यवतीने विचारलं.

दाजी थांबले. त्यांनी दोन्ही पायांकडे पाहिलं. "आता दोन्ही," ते म्हणाले.

मग डाव्यालाही पाला बांधला गेला.

ही बातमी मासळीबरोबर दापोलीच्या बाजारात गेली आणि तिथून व्यायामशाळेत. आप्पांनी आयुष्यभर गुडघ्यांचा अभ्यास केला होता, त्यामुळे त्यांना राहवेना. शुक्रवारी ते स्कूटर घेऊन हर्णेला हजर झाले. पडवीत शेजारपाजारही जमला. आप्पांनी दाजींचे गुडघे चाचपले, वाकवले, कान लावून ऐकले.

"मांड्यांत जोर यायला हवा, दाजी. रोज हळूहळू बैठका घाला. रुचिरा, कशा घालायच्या ते दाखव बघू वडिलांना. अगदी सावकाश."

रुचिराचा चेहरा उतरला. पण नाही म्हणायला कारण नव्हतं. ती खाली बसली, झकास बसली. मग उठायची वेळ आली आणि अर्ध्यावर गुडघ्याने तिला धरलं. तिला वर येता येईना, खाली जाता येईना. डोळ्यांत पाणी आलं. आता आप्पा पाहणार, एवढ्यात दाजींनी अशी काही आरोळी ठोकली, की अंगणातले कावळे उडाले.

"आई गो! मेलो!"

सगळे दाजींकडे धावले. रुचिराने पडवीचा खांब धरला आणि कशीबशी उभी राहिली.

"मी हातसुद्धा लावला नव्हता," आप्पा गंभीर होऊन म्हणाले. "हात न लावता एवढी कळ म्हणजे प्रकरण साधं नाही. उद्या आमची जीप मुलींना घेऊन चाचणीसाठी रत्नागिरीला जातेच आहे. तुम्ही नवरा-बायको दोघंही चला. तिथे हाडांच्या डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत."

दाजी आयुष्यात कधी डॉक्टरकडे गेले नव्हते. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ."

शनिवारी रत्नागिरीत आप्पांनी बाकीच्या मुलींना उतरायच्या जागी सोडलं आणि या तिघांना दवाखान्यात नेलं. दाजींच्या गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला गेला. डॉक्टरबाईंनी तो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि इंजेक्शनची तयारी करायला सांगितली. सुई आली. ती चांगली लांब होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि लेंगा गुडघ्याच्या वर दुमडायला घेतला.

रुचिराला ते पाहवेना.

"थांबा!" ती ओरडली. "दाजींचा नाय दुखत! माझा दुखतोय. मी खोटं सांगितलं. आये, माझाच दुखतोय!"

सत्यवतीचं तोंड उघडं राहिलं. आप्पांनी चष्मा काढला.

"तुझा दुखत असेल, तोही बघू," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "पण यांचाही दुखत असणार. हा फोटो बघा. केवढी झीज आहे! काका, दुखतो ना?"

दाजींनी लेंगा हळूच खाली ओढला. "थोडा," ते म्हणाले. "थंडीत. नि बोट ढकलताना."

"कधीपासून?"

"ही शाळंत जाया लागली तवापास्नं असंल."

आधी कोणावर चिडावं ते सत्यवतीला क्षणभर कळेना. मग तिने नवरा निवडला. पंधरा वर्षं बाजूला झोपणाऱ्या माणसाला काय होतंय हे बायकोला सुईवाल्यांकडून कळावं का, याबद्दल ती रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात जे बोलली, ते बाहेरच्या बाकांवरही नीट ऐकू गेलं. रुचिरावर ओरडायला तिच्याजवळ आवाजच उरला नाही.

रुचिराचा स्नायुबंध सुजला होता. कायमचं नुकसान नव्हतं, पण उद्या वजन उचललं असतं तर झालं असतं. जिन्यात आप्पांनी तिला गाठलं. "मला सांगायची भीती वाटली?"

"तुमी काढून टाकलं असतंत."

"काढलं नसतं गो. थांबवलं असतं."

"मला दोन्ही एकच वाटत व्हतं," रुचिरा म्हणाली.

रविवारी ती प्रेक्षकांत बसली. तिच्या गटातल्या मुलीने जेवढं उचलून पहिला नंबर काढला, तेवढं रुचिरा सरावात रोज उचलायची. तिने टाळ्या वाजवल्या. घरी पोचल्यावर मात्र परसात जाऊन पोटभर रडली.

सत्यवतीने ठरल्याप्रमाणे जाहीर केलं, "लोखंड बंद."

"मग बोट पन बंद कर माझी," दाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिचा बरा व्हनारा हाय. माझा तसा नाय. तरी मी जानार."

रुचिराची विश्रांती संपली, डॉक्टरबाईंनी हळूहळू सुरुवात करायला सांगितलं, त्या दिवशी सत्यवती म्हणाली, "मी येनार संगती. काय करतात पोरीला ते मला बघायचंय."

व्यायामशाळेत आप्पांनी रुचिराला मोकळा दांडा दिला. ती उचलायची आणि आप्पा परत परत तेच सांगायचे, "उठताना गुडघे आत पडतायत. म्हणूनच सगळं झालं. बाहेर ठेव. पाठ सरळ."

सत्यवती भिंतीला टेकून उभी होती. थोड्या वेळाने तिला असह्य झालं. "एवढंच?" ती म्हणाली. "माझी पाटी भरली की ह्याच्या दुप्पट व्हते."

कोणी काही म्हणायच्या आत तिने पदर खोचला, बाजूचा चकत्या लावलेला दांडा धरला आणि मासळीची पाटी उचलावी तसा आधी छातीशी आणि मग डोक्यावर नेला. पाठ ताठ. गुडघे जागच्या जागी.

व्यायामशाळेतली पोरं थांबून पाहत राहिली. आप्पा हळूच म्हणाले, "सोडा, सत्यवतीबाई. खाली सोडून द्या."

"सोडून द्या?" ती वरूनच म्हणाली. "लोकांची वस्तू? नि फरशी फुटली म्हंजे?" तिने दांडा अलगद, अंडी ठेवावीत तसा जमिनीवर ठेवला. धापसुद्धा लागली नव्हती.

आप्पा तिच्या पायांकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "वय काय हो तुमचं?"

सत्यवतीच्या भुवया चढल्या.

"आये, गटासाठी विचारतायत ते," रुचिरा घाईघाईने म्हणाली. "प्रौढांच्या गटाला."

सत्यवतीने दांड्याकडे पाहिलं, मग पोरीच्या गुडघ्याकडे, मग आप्पांकडे.

"पैलं वजन वाढवा," ती म्हणाली. "मग वय सांगते."