मेजरांचा जोडलेला टेप

आमच्या शेजारचे मेजर कुणाला राम राम घालत नाहीत, सरळ कमरेला टेप घालतात. शिंप्याकडं असतो तसला कापडी टेप, कायम खिशात. उंब्रजच्या चौकात तुम्ही चहाचा कप तोंडाला लावावा, की मागून पोटाभोवती काहीतरी सळसळतं आणि कानाशी हुकूम येतो, "श्वास सोडा." माणूस उलट धरतो. मी तर कित्येक वर्षं धरतोय.

तसे ते मेजर नव्हेत. फौजेत दवाखान्याच्या तुकडीत हवालदार होते, पण आमच्याकडं पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक जण मेजरच. चाल अजून कवायतीची. बरोबर निघालेला माणूस शंभर पावलांत मागे पडतो आणि मेजर एकटेच बोलत पुढं जातात. बायकांचं माप मात्र ते घेत नाहीत. टेप बाईच्या हाती देतात आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून सावधान उभे राहतात.

त्यांच्यासमोर कुणाला 'जाड' म्हणायची बंदी आहे. "जाड न्हवं गुरुजी, आतनं धुमसतंय म्हणा. चरबी म्हंजे काय लोण्याचा गोळा न्हवं, जित्या पेशी हायत्या. जास्तीचं साठवत्यात, फुगत्यात. लय फुगल्या की आत हवा पोचंना, काही मरत्यात. मग शरीर आपलं जवान धाडतं, मेलेलं उचलाया. ते जवान तिथंच तंबू ठोकत्यात. परत बराकीत जायाचं नावच न्हाई. दिसरात फैरी. त्याचा धूर रगतातनं सगळीकडं. इन्सुलिन हाळी देतंय, पर कोण ऐकतंय? माणूस दमून जातो, आन आपण म्हणतो आळशी हाय."

हे त्यांनी मी वडापाव खात असताना ऐकवलं. मी वडा संपवला, पण त्यात राम राहिला नाही.

आता माझं. मी शाळेत मास्तर, आणि गावातल्या लग्नांत माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारायचं काम माझ्याकडं. मधे मधे विनोद पेरतो. लोक हसतात, मग मला चढते. त्या रविवारी मंडपात मेजर आले, आणि मागोमाग गल्लीतल्या बांगडीवाल्या रुकियाभाभी. भाभी अंगानं थोर. गुडघे धरून चालायच्या, दुकानात बसल्या बसल्या पेंगायच्या. मेजरांनी कित्येक आठवडे विनवून त्यांना रक्त तपासायला तयार केलं होतं. सोमवारी कराडला जायचं ठरलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी माईकमध्ये म्हणालो, "मेजरांचं स्वागत, मंडळी पोटं आत घ्या! मेजर, रुकियाभाभींसाठी दोन टेप जोडून आणलेत ना?"

सगळा मंडप हसला. भाभीही हसल्या. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून, न जेवता परत गेल्या. मेजर अजिबात हसले नाहीत.

जेवणं आटपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ते पायरीवर बसले होते. "भाभी कराडला येत न्हाईत म्हणाल्या," एवढंच बोलले. मी म्हणालो, "मेजर, चुकलं माझं." त्यांनी खिशातला टेप काढून माझ्या हातात दिला. इतकी वर्षं तो माझ्या पोटाभोवती फिरला, पण मी कधी धड पाहिला नव्हता. मधोमध लाल दोऱ्यानं शिवलेला जोड होता. दोन टेप होते ते.

"कमळीनं शिवलाय," मेजर म्हणाले. कमळाकाकू म्हणजे त्यांची गेलेली बायको. "एक पुरंना तिला. शिंप्याकडं जायाची लाज, घरीच झंपर शिवायची. तुमचा इनोद मी आधीच केलाय गुरुजी. सुट्टीवर आलो तवा, चार पाव्हण्यांपुढं. हसली ती बी. लग्नाकार्याला निघालो की मी म्होरं चालायचो, लोकांस्नी वाटाय नगं ही माझी बायको म्हणून. दवाखान्यात नोकरी केली मी, आन घरातली आग मला आळस वाटली."

मी टेप घडी करून त्यांच्या हातात परत ठेवला. मेजर उठले. "माफी मला नगं. चला."

रुकियाभाभींचं दार ओढलेलं होतं. "भाभी, चुकलो मी," मी म्हणालो. मग मी भर रस्त्यात सदरा वर केला आणि मेजरांना म्हणालो, "घ्या माप. मोठ्यानं सांगा." लोक थांबून बघू लागले. मेजरांनी टेप घातला. "बेचाळीस इंच."

दाराच्या फटीतून आवाज आला, "गुर्जींनी श्वास धरलाय, मेजर."

मी श्वास सोडला. "सेहेचाळीस," मेजर म्हणाले. आत कुणीतरी खुदकन हसलं. मग भाभी म्हणाल्या, "गुर्जींचं बी रगत काढणार असतील तर येते मी."

सोमवारी आम्ही तिघं एसटी स्टँडकडं निघालो. भाभी दर दहा पावलांवर थांबत होत्या. मी सवयीनं मेजरांना शोधायला पुढं बघितलं, तर पुढं कुणीच नव्हतं. मेजर भाभींच्या शेजारी होते, त्या थांबल्या की थांबत होते.