फुकट धार

“आधी आपल्याच इमारतीत करून बघा. चार पैसे सुटतात असं दिसलं, तरच गाळा भाड्यानं घ्यायचा,” काकूंनी बजावलं.

काकांनी छापखान्यात पस्तीस वर्षं कागद कापायच्या पात्यांना धार लावली होती. आता निवृत्तीनंतर घरोघरच्या सुऱ्यांना लावायची, असा त्यांचा बेत. पहिली खेप फुकट, हाताला गुण असेल तर पुढच्या वेळी पैसे, असं त्यांनी चोवीस बिऱ्हाडांत सांगितलं. फुकट म्हटल्यावर लोकांनी माळ्यावरच्या गंजक्या कात्र्यासुद्धा काढून दिल्या. काकांनी दोन दिवस खपून अशी धार लावली, की केस उभा चिरावा.

तिसऱ्या दिवशी जिन्यात शिक्षिकाबाई भेटल्या. बोटाला ही एवढी पट्टी.

“काय झालं हो?”

“कांदा चिरत होते. सुरी कांद्यात शिरली ती थांबेचना!”

वरून वकील उतरले. त्यांचा अंगठा बांधलेला. मागून शिंपी, त्याची दोन बोटं गेलेली कामातून. बोथट सुरीवर जोर देऊन देऊन सगळ्यांचे हात तयार झाले होते, आणि नव्या धारेवरही तोच जोर पडला होता. काका घरात शिरले, तर काकू नळाखाली बोट धरून उभ्या.

ते तसेच औषधाच्या दुकानात धावले.

“पट्ट्या संपल्या, काका,” दुकानदार म्हणाला. “तुमच्या इमारतीत मारामारी झाली की काय?”

काका मागच्या जिन्यानं चोरासारखे घरी आले. संध्याकाळी बेल वाजली.

“मी घरी नाही म्हणून सांग!”

काकूंनी दार उघडलं. “आहेत की. आत तोंड लपवून बसलेत.”

दारात वकील, शिक्षिकाबाई, शिंपी आणि मागे निम्मी इमारत. प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सुरी.

काकांनी हात जोडले. “चुकलं माझं. औषधपाण्याचा खर्च मी देतो.”

“खर्चाचं राहू द्या हो,” वकील म्हणाले. “एवढ्या सुऱ्या पहिल्यासारख्या बोथट करून द्या. काय घ्याल?”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “छे छे, त्याचे कसले पैसे...”

“सुरीचे दहा, कात्रीचे पंधरा,” काकू म्हणाल्या. “आणि आधी पैसे, मग काम.”

काकांनी दगड ओढला आणि सुरीची धार त्यावर उभी घासायला घेतली. रांग जिन्यापर्यंत गेली होती म्हणे. त्यांनी मान वर करून पाहिलंच नाही.