हॅलोरन शाळेचा वरचा मजला

मी काहीही विकू शकतो! ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे. बोस्टनजवळच्या फॉल रिव्हरमध्ये मी उभं आयुष्य गालिचे विकण्यात घालवलं. माणसं दुकानात पत्ता विचारायला यायची आणि जाताना खांद्यावर गुंडाळी टाकून जायची. एका बाईला तर मी जिन्याचा गालिचा विकला होता. तिच्या घराला जिना नव्हता! तेव्हा स्वतःचं राहतं घर विकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. त्यासाठी दलाल कशाला?

“गिल, दलालांना त्यातलं कळतं,” ओडेट म्हणाली. ओडेट म्हणजे माझी बायको. ती फार कमी बोलते, कारण आमच्या घरात तो विभाग माझ्याकडे आहे.

घर विकायचं कारण गोड होतं. आमच्या मुलीला, लुसियाला, जुळं होणार होतं आणि ती राहते तिकडे व्हरमाँटमध्ये, डोंगरात. तिच्या शेजारचं छोटं घर रिकामं झालं होतं. घरमालक भला माणूस. म्हणाला, ईस्टरपर्यंत थांबतो, त्यानंतर दुसऱ्या कुणाला देईन. आणि ईस्टर तर अगदी तोंडावर आला होता. ओडेटनं दोन बाळांसाठी दोन पिवळी ब्लँकेटं विणून तयार ठेवली होती. तेव्हा घर विकलं जाणं भागच होतं.

आता आमच्या घराबद्दल. हॅलोरन शाळा बंद पडली आणि बरीच वर्षं कबुतरांनी चालवली. मग कुणीतरी तिचे फ्लॅट केले. आम्ही घेतला तो सगळ्यात वरचा. पूर्वी तिथं शाळेचं सभागृह होतं. पेंटहाउस म्हणतात त्याला. छत एवढं उंच की दिवा गेला तर बदलायला शिडीवाला बोलवावा लागतो. खिडक्या चर्चसारख्या. एका टोकाला लाकडी स्टेज अजून तसंच आहे, त्यावर आमचं जेवणाचं टेबल. त्यामुळे आमच्याकडे साधं सूप प्यायलं तरी नाटकाचा तिसरा अंक चालू आहे असं वाटतं! स्वयंपाकघर त्याच सभागृहाच्या एका बाजूला, उघडंच; त्याच्या भिंतीवर जुना फळा आहे. त्यावर ओडेट ‘कांदे, साबण’ असं लिहिते.

अशा घराची जाहिरात साधी कशी चालेल? मी एक अख्खी सकाळ खर्च करून ती लिहिली आणि ओडेटला वाचून दाखवली.

“‘हॅलोरन शाळेची दारं पुन्हा उघडताहेत! तेच उंच छत, त्याच खिडक्या, तोच फळा! वरचा मजला तुमची वाट बघतोय. रविवारी दुपारी या. कॉफी आणि गोड पाव मिळेल.’ कशी काय?”

“छान आहे,” ओडेट म्हणाली. “पण घर विकायचंय असं यात कुठं आहे?”

“अगं, ‘विकणे आहे’ हे शब्द जुन्या मोटारीला लावतात! समजणाऱ्याला बरोबर समजतं.”

“आणि न समजणाऱ्याला?”

“त्याला हे घर परवडणारच नाही!”

रविवारी मी नवा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि आरशासमोर दोनदा ‘हवेशीर’ हा शब्द म्हणून बघितला. हिवाळ्यात त्या खिडक्यांतून जे वारं येतं त्याला मी ‘हवेशीर’ म्हणणार होतो. छत एकदा गळलं होतं, त्याचा विषयच काढायचा नव्हता. ओडेटलाही बजावलं, “तू फक्त कॉफी बघ. बोलणं माझ्यावर सोड.”

वेळेआधीच घंटी वाजली. दारात दाराएवढाच एक माणूस उभा. हातात झाकलेली थाळी.

“मी नॉर्मंड गॅन्यों. अग्निशमन दलात होतो, आता घरीच. हा पोर्क पाय, मांस भरून भाजलेला. बायकोनं केलाय.”

घर बघायला येताना खायला घेऊन येणारं गिऱ्हाईक! मी गहिवरलो. “या, या! तुमच्या मनात कशी खोली आहे?”

“माझी खोली? खालची. जिन्याजवळची.”

“खालचं नाही हो, आमचं वरचं आहे.”

“वर आम्हाला फक्त शुक्रवारी आणायचे. गायला.”

हे मला नीट कळलं नाही, पण गिऱ्हाइकाला कधी तोडू नये. “कुटुंब मोठं आहे का?” मी विचारलं.

“आम्ही चाळीसेक होतो. आता जेवढे उरलेत तेवढे येतीलच.”

“चाळीस? इथं राहायला?”

“छे हो!” नॉर्मंड हसला. “संध्याकाळी जातील की आपापल्या घरी. फार चांगलं केलंत बघा हे संमेलन ठरवून! इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही.”

माझ्या पायाखालची फरशी मीच बसवून घेतलेली होती, तरी ती सरकली! मी बाहेर डोकावलो. लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत पांढऱ्या केसांची रांग. कुणाच्या हातात भाताची खीर, कुणाच्या हातात मिरच्या घातलेलं शोरिसो सॉसेज, एकीच्या हातात वर्गाचा मोठा फ्रेम केलेला फोटो.

मी स्वयंपाकघरात धावलो. “ओडेट! हे सगळे विद्यार्थी आहेत!”

“दिसतंय,” ती म्हणाली. एवढंच. मग कपाटातून मोठी कॉफीची किटली काढली. “आता आलेत तर येऊ देत. तू पाव काप.”

मी पाव कापला, आणखी कापला. घर बघता बघता भरलं. आमच्या पलंगावर कोटांचा असा डोंगर झाला की त्यावर चढायला दोर लागला असता. तीन बायका स्टेजच्या कडेला पाय सोडून बसल्या आणि कुणाचं लग्न कुणाशी व्हायला हवं होतं याचा निकाल लावू लागल्या. एक गृहस्थ खिडकीच्या चौकटीवर हात फिरवत गप्प उभे होते. मी विचारलं, “काही हवंय का?” तर म्हणाले, “नाही हो. माझा भाऊ इथं उभा राहायचा,” आणि पुन्हा हात फिरवू लागले. मला त्यांना ‘लाकूड अस्सल ओकचं आहे’ असं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

आणि अशा वेळी खरं गिऱ्हाईक आलं! बोस्टनहून आलेलं जोडपं. जोसलिन उंच, शांत. ती चेलो वाजवते आणि शिकवते. तिचा नवरा वॉरन दर दोन मिनिटांनी चष्मा पुसणारा. ‘हॅलोरन शाळेतला वरचा मजला’ एवढं वाचून ते बिचारे बरोबर समजले होते. समजणाऱ्याला समजतं, म्हटलं नव्हतं मी?

“आज फार लोक आलेत बघायला,” वॉरन दबकत म्हणाला.

“मागणीच तशी आहे!” मी म्हणालो. “या, आधी कपाटं दाखवतो. एवढी प्रशस्त कपाटं अख्ख्या फॉल रिव्हरमध्ये नाहीत!”

मी झोकात कपाट उघडलं. आत नॉर्मंड उभा होता.

“घंटेचा दोर इथूनच खाली जायचा,” तो अंधारातून म्हणाला. “शोधतोय.”

“बघितलंत?” मी जोसलिनला म्हणालो. “अग्निशमन दलाचा माणूस आरामात मावतो!”

जोसलिन हसली. मला धीर आला. आता मी ‘हवेशीर’ काढणार, इतक्यात घरातला गोंगाट दिव्याचं बटण बंद करावं तसा थांबला. लिफ्टमधून काठी टेकत एक वृद्ध बाई आल्या होत्या. चिमणीएवढ्या. अंगात निळा कोट, मान ताठ. स्टेजवर बसलेल्या तिघी टुणकन उठून उभ्या राहिल्या. कपाटातला नॉर्मंड बाहेर आला आणि त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं.

“मेंडोन्साबाई!” तो माझ्या कानात कुजबुजला. “नव्वदी उलटली असेल. अजून तशाच आहेत रे!”

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. गडबडीत तोंडात टाकलेला पावाचा तुकडा मी एकटाच अजून चघळत होतो.

“तू! तोंडात काय आहे?”

“बाई, मी... मी इथं राहतो.”

“मी काय विचारलं?”

“पाव, बाई.”

“वर्गात खातोस, वर उलट उत्तर देतोस! जा, फळ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहा.”

मी हसून सगळ्यांकडे बघितलं. कुणीच हसत नव्हतं. मी म्हणणार होतो की बाई, मी या शाळेत कधी नव्हतोच. मी विशीत पोर्तुगालच्या असोर्स बेटांवरून बोटीनं आलो, माझी शाळा समुद्रापलीकडे राहिली. पण नॉर्मंडनं माझा दंड धरला.

“उभा राहा रे बाबा. मी जळत्या इमारतींत शिरलोय, पण बाईंशी वाद घालायची माझी हिंमत नाही!”

आणि मी, गिल्बेर्तो रापोसो, या पेंटहाउसचा मालक, माझ्याच फ्रिज आणि फळ्याच्या मधल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. नाकाशेजारी ‘कांदे, साबण’.

“शुक्रवारचं गाणं,” मागून बाईंचा आवाज आला. “सगळ्यांनी. नॉर्मंड, तू फक्त ओठ हलव.”

गाणं सुरू झालं. सुरुवातीला जो तो आपापल्या सुरात, सगळे मिळून बिघडलेल्या मोटारीसारखे. मग काठी दोनदा आपटली आणि आवाज एकत्र आले. ते छतापर्यंत चढले, तिथं जरा रेंगाळले आणि भरून खाली आले. मी इतकी वर्षं या घरात एकटाच बोलत होतो, म्हणून मला कधी कळलंच नव्हतं की या जागेला असा आवाज आहे. मानेवर काटा आला. मागं वळून बघण्याची सोय नव्हती.

गाणं संपल्यावर जोसलिन माझ्या जवळ, कॉफीपाशी ओडेटकडे आली असावी. तिचा आवाज अगदी हळू होता.

“तुम्हीच इथं राहता ना? हिवाळ्यात कसं असतं?”

“गारठतं,” ओडेट म्हणाली. “जाड पडदे लावावे लागतात.”

मी पाठीमागे हात नेऊन ‘नको नको’ अशी बोटं हलवली.

“हात खाली!” बाई कडाडल्या.

मी हात खाली घेतले.

“आणि छत?” वॉरननं विचारलं.

“एकदा गळलं होतं, त्या खिडकीच्या वर. नवीन करून घेतलंय. डाग राहिलाय, तो बघा.”

मी कपाळ भिंतीला टेकवलं. गेलं घर! गेलं व्हरमाँट! मी नुसता उसासा सोडला, तोही हळूच.

“मी घरी शिकवते,” जोसलिन म्हणाली. “खालच्यांची तक्रार येईल का?”

“या भिंतींनी अख्खी शाळा पचवलीय,” ओडेट म्हणाली. “तुमचा एक चेलो त्यांना काय जड?”

जोसलिननं विचारलं, “मग तुम्ही का सोडताय हे?”

“मुलीला जुळं होणार आहे. मला तिथं असायचंय.” ओडेट थांबली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं आणि ती अजून बोलत होती! “सकाळचं ऊन त्या पहिल्या खिडकीतून येतं. मग जमिनीवरून सरकत सरकत स्टेजवर चढतं. मी रोज कॉफी घेऊन ते चढताना बघते. गिल तेव्हा अंघोळीला गेलेला असतो, म्हणून शांतताही असते. तेवढं मात्र तिकडे मिळणार नाही.”

मला हे ठाऊकच नव्हतं. मी रोज अंघोळ करत बसलो आणि इकडे रोज ऊन स्टेजवर चढत होतं. मला एकदम वळून तिच्याकडे बघावंसं वाटलं. अर्धवट वळलोही.

“भिंतीकडे!”

मी पुन्हा भिंतीकडे वळलो.

मागं जोसलिन आणि वॉरनची कुजबुज झाली. चष्मा पुसल्याचा आवाज येत नाही, पण त्यानं तो पुसलाच असणार. मग वॉरन घसा साफ करून म्हणाला, “आम्हाला हे घर हवंय. आजच ठरवून टाकू. कुणाशी बोलायचं?”

“माझ्याशी,” ओडेट म्हणाली.

“आणि तुमचे मिस्टर? त्यांनाही विचारायला हवं ना?”

“विचारलं असतं,” माझी बायको शांतपणे म्हणाली, “पण त्याला सध्या बोलायची परवानगी नाही.”

हे मात्र अती झालं! घर माझंही होतं. मी सगळं धैर्य एकवटलं आणि भिंतीकडे बघतच ओरडलो, “माझी हरकत नाही!”

बाईंनी मला आणखी पंधरा मिनिटं उभं केलं.